वस्त्राची उलटी बाजू

तुळशीचे लग्न आटोपले की विवाहाच्या तिथी सुरू होतात आणि घरोघर याद्यांचे कागद बाहेर निघतात. या दिवसांत दागिन्यांच्या बाबतीत आपला गृहस्थ पुरेसा सावध असतो. सराफाच्या पेढीवर तो वजन डोळ्यांदेखत करवून घेतो, हॉलमार्कचा शिक्का भिंगातून पाहतो आणि पावतीवर कस लिहून घेतल्यावाचून उठत नाही. परंतु तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी तितकीच रक्कम देऊन पैठणी घेतो, तेव्हा पदरावरचे मोर पाहून संतुष्ट होतो. सोन्याची कसोटी आपल्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. वस्त्राची कसोटी आपल्या आज्या-पणज्यांस ठाऊक होती आणि आपण ती विसरलो. विक्रेत्यांपैकी जे कोणी अप्रामाणिक आहेत त्यांच्या व्यापाराचे भांडवल आपले हे विस्मरण होय.

या विषयावर लिहावयास निमित्त झाले ते एका वाचक भगिनीच्या पत्राचे. त्यांच्या इच्छेवरून नावगाव देत नाही. यजमान पेन्शनर असून धाकट्या कन्येच्या विवाहासाठी त्यांनी पाच वर्षे घरखर्चातून शिल्लक टाकून एक पैठणी घेतली. दुकानदाराने ती हातमागाची, अस्सल म्हणून दिली. विवाहानंतरच्या पहिल्या संक्रांतीस कन्येने ती नेसली असता पदराच्या मागील सुट्या धाग्यांत तिची बांगडी अडकली. ती सोडविताना घरातील एका वडील बाईंनी पदर उलटून पाहिला आणि हळदीकुंकवास आलेल्या बायकांदेखत म्हटले, “ही तर यंत्रावरची दिसते.” बोलण्यात विखार नव्हता, असे पत्रलेखिका स्वतःच लिहितात, पण मुलीने ती पैठणी त्या दिवसानंतर पुन्हा नेसलेली नाही. पत्रात दोन प्रश्न आहेत. अस्सल वस्त्र ओळखावे कसे, हा पहिला; आणि आता आपण मुलीस काय सांगावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दीर्घ आहे, म्हणून त्यापासूनच आरंभ करतो.

ही फसवणूक आजची नव्हे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात ‘कण्टकशोधन’ नावाचे चौथे अधिकरण आहे. त्यात व्यापाऱ्यांवर नजर ठेवण्याचे एक प्रकरण येते. लाकूड, धातू, रत्न, दोर, चामडे, माती, सूत, वल्कल वा लोकर यांची जी वस्तू ‘जात्य’ नाही, म्हणजे अस्सल जातीची नाही, ती जात्य म्हणून विकणाऱ्यास किमतीच्या आठपट दंड तेथे सांगितला आहे. त्याच्या लगेच पुढे, जी वस्तू एखाद्या ठिकाणी झालेली नाही ती त्या ठिकाणची म्हणून विकणारा, आणि एक डबी दाखवून दुसरीच हातात देणारा, यांस निराळा दंड आहे. हलक्या किमतीच्या मालास तो ५४ पण असून मालाची किंमत वाढेल तसा दंडही वाढतो. सूत आणि चामडे यांची गणना शास्त्रकाराने एकत्रच केली आहे, हे आजच्या पैठणी व पर्स घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्याने वस्तूस दोष दिलेला नाही. हलके कापड विकणे हा अपराध नव्हे. हलक्या कापडास भारी कापडाचे नाव देणे हा अपराध होय. सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे.

आता पैठणीकडे वळू. आम्हा टेंभुर्णीकरांस पैठण परके नाही. नाथषष्ठीच्या निमित्ताने इकडची माणसे जालन्यावरून तेथे जातातच. पैठण येथे आणि नाशिक जिल्ह्यातील येवल्यास आजही हातमाग चालतात. भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याखाली ‘पैठणी’ हे नाव २०१० साली नोंदले गेले, ते या परंपरेच्या आधारावर. तथापि विक्रेते हौसेने जे सांगतात, की प्राचीन काळी ग्रीक व्यापारी पैठणी सोन्याच्या भारोभार नेत असत, ते जरा तपासून घ्यावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात प्रतिष्ठान नगरीचे नाव आहे खरे. परंतु तेथून भडोच बंदरास जाणारा माल म्हणून अकीकासारखे खडे सांगितले आहेत. कापड सांगितले आहे ते तगर नगरीचे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचे. यामुळे पैठणीची थोरवी उणी होत नाही. तिची थोरवी विणीत आहे आणि ती पाहण्यास ग्रीकांची साक्ष लागत नाही. ज्या दुकानात इतिहास फार सांगितला जातो आणि वस्त्र उलटून दाखविले जात नाही, तेथे मात्र सावध राहावे.

पैठणीचा पदर विणण्याची रीत समजली म्हणजे परीक्षा आपोआप समजते. सामान्य कापडात आडवा धागा धोट्याबरोबर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. पैठणीच्या पदरात तसे नसते. तेथे जरीची भूमी असते आणि तिच्यात रेशमी मोर, पोपट, कमळे, वेली या मीनाकामासारख्या बसविलेल्या असतात. प्रत्येक रंगाच्या धाग्याची निराळी लहान कांडी असते. विणकर हिरवा धागा पोपटाच्या अंगापुरता नेतो, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवितो आणि तेथूनच परत फिरवितो. पुढची ओळ घालताना पुन्हा तेच. अशा रीतीने एका ओळीत कित्येक कांड्या हाताने फिरतात. कोणताही धागा आपले काम नसलेल्या ठिकाणी जात नाही, म्हणून मागे लोंबणारे धागे उरत नाहीत. पदर उलटा केला तरी मोर तसाच, त्याच रंगाचा आणि तितकाच भरीव दिसतो. जेथे एक धागा संपून दुसरा जोडला असेल तेथे बारीक टोके दिसतील, तेवढाच काय तो भेद.

यंत्रमागावर जॅकार्ड लावून विणलेल्या नकलेत याच्या उलट घडते. तेथे रंगीत धागा रुंदीभर धावतो. नक्षी असेल तेथे तो वर येतो आणि एरवी मागील बाजूस मोकळा पडून राहतो. हे मोकळे धागे तसेच ठेवले तर त्यांत बांगडी व जोडवे अडकते. कापले तर मागील बाजूस कुसासारखी टोके राहतात. काही ठिकाणी ती झाकण्यासाठी पदराच्या मागे जाळीचे अस्तर लावून देतात आणि ही विशेष सोय म्हणून सांगतात. तेव्हा पहिला नियम असा की, पदर उलटून पाहावा आणि अस्तर असल्यास ते लावण्यापूर्वीचा पदर पाहण्याचा आग्रह धरावा.

दुसरी जागा काठाची. उत्तम पैठणीत काठ आणि अंग यांचे आडवे धागे निराळे असतात. दोन काठांस दोन आणि मधल्या अंगास एक असे तीन धोटे चालतात आणि सांध्यावर धागे एकमेकांत गुंततात. यास कडियल म्हणतात. अंगाचा रंग काठात शिरत नाही, म्हणून काठ दोन्ही बाजूंनी आपल्या रंगाचा राहतो. नकलेत अंगाचा धागा काठातूनही जातो आणि उलट बाजूस तो डोकावताना दिसतो. तिसरी खूण डोळ्यांची आहे. हाताने भरलेल्या दोन मोरांत केसभर तरी फरक असतो. एकाची मान किंचित लांब, दुसऱ्याचा पिसारा किंचित आखूड. सर्व मोर एका साच्यातून काढल्यासारखे असतील तर ते साच्यातूनच निघाले आहेत असे समजण्यास हरकत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. येवल्यास काही हातमागांनाही बुट्ट्यांसाठी वा ब्रोकेडच्या पदरासाठी जॅकार्ड जोडलेले असते. असे वस्त्र हातमागाचेच असते, पण त्याची उलटी बाजू धाग्यांची असते. यास्तव ‘हातमागाची’ आणि ‘हाताने भरलेल्या पदराची’ हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि ते दुकानदारास निरनिराळे विचारावेत. दोहोंच्या किमतीत पुष्कळ अंतर असते आणि ते असणे योग्यच आहे.

आता रेशमाचा विचार. पदराच्या टोकाच्या दशांतून उभ्या धाग्याची एक काडी आणि आडव्याची एक काडी विक्रेत्याच्या संमतीने घेऊन निरांजनाच्या ज्योतीवर धरावी. खरे रेशीम जळते तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो, ज्योतीबाहेर काढताच ते विझू लागते आणि उरलेली काळी राख बोटांनी चुरडता येते. कृत्रिम पॉलिएस्टर धागा वितळतो, त्याचा वास निराळा येतो आणि थंड झाल्यावर कठीण मणी राहतो. दोन्ही दिशांचे धागे तपासण्याचे कारण हे की, पुष्कळदा एक दिशा रेशमाची व दुसरी कृत्रिम असते. ही परीक्षा आम्ही पैठणीपुरती सांगत नाही. पूजेसाठी जे कद आणि मुकटे आज बाजारात मिळतात त्यांत कृत्रिम धाग्याचे फार असतात. सोवळ्याच्या दृष्टीने ज्याचा त्याने विचार करावा. परंतु समई, निरांजन आणि होमकुंड यांच्या सन्निध, पेटले असता वितळून कातडीस चिकटणारे वस्त्र नेसून बसणे धोक्याचे आहे, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

जरीचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची चपटी बारीक तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला. दुसरी तांब्याच्या तारेवर मुलामा केलेली, आणि तिसरी चकचकीत प्लॅस्टिकची, जी ज्योतीवर धरताच आक्रसते. जर काळी पडली म्हणून ती खोटी, असा निर्णय करू नये, चांदीही काळवंडते. आज हातमागावरील पुष्कळ चांगल्या पैठण्यांतही चांदीची जर नसते. ती तशी नाही हे सांगून विकणारा प्रामाणिकच आहे. पूर्वी जीर्ण पैठण्या जाळून त्यांतील चांदी काढून घेण्याची रीत होती आणि तीत कित्येक नामांकित वस्त्रे नष्ट झाली. ज्यांच्या घरी पणजीची पैठणी अद्याप आहे त्यांनी ती मोडीत देऊ नये. विरलेली असली तरी मुलींस अस्सल वीण कशी असते हे शिकविण्यास तिच्याइतकी चांगली पाटी दुसरी नाही.

शिक्क्यांविषयी फार गैरसमज आहे. केंद्रीय रेशीम मंडळाचे सिल्क मार्क २००४ पासून आहे. ते एवढेच सांगते की रेशीम शुद्ध आहे. तेच रेशीम यंत्रमागावर विणले तरी ते चिन्ह खोटे ठरत नाही. हँडलूम मार्क २००६ पासून आहे. ते सांगते की वस्त्र हातमागाचे आहे, मग ते सुती का असेना. भौगोलिक निर्देशनाचे चिन्ह ठिकाण व परंपरा सांगते. हे तीन साक्षीदार तीन निरनिराळ्या गोष्टींची साक्ष देतात आणि एकाच्या साक्षीवरून तिन्ही सिद्ध झाल्या असे समजणे हा हेत्वाभास होय. शिवाय चिठ्ठीही खोटी छापता येते. विणीची उलटी बाजू मात्र छापता येत नाही.

आयुष्य शाळेत गेल्यामुळे एक त्रैराशिक मांडल्यावाचून राहवत नाही. समजा, हाताने भरलेल्या पदराची एक पैठणी विणण्यास एका विणकरास ३० दिवस लागले आणि त्यास रोजी अवघे ५०० रुपये पडावेत अशी आपली इच्छा आहे. तर केवळ मजुरी १५,००० रुपये झाली. रेशीम, जर, रंगणावळ, मागाची दुरुस्ती आणि दुकानदाराचा नफा यांत मिळवावयाचा आहे. आता तशीच म्हणून जर कोणी ३,००० रुपयांस देऊ लागला, तर रेशीम आणि जर फुकट मिळाली असे धरले तरी विणकरास रोज १०० रुपयेच पडले. हे गणित सुटत नाही, म्हणजे विधानात कोठेतरी असत्य आहे. उलट पक्षी, किंमत भारी आहे म्हणून वस्तू अस्सल, हे मात्र सिद्ध होत नाही. फसविणारा किमतीचीही नक्कल करतो. आमच्या पत्रलेखिका तशाच फसल्या.

नव्या पिढीत पैठणीच्या जोडीने पर्सचे वेड आले आहे आणि तेथेही न्याय हाच लागतो. पैठणीच्या कापडाच्या म्हणून ज्या पर्सा व बटवे विकतात, त्यांस आतून अस्तर शिवलेले असते. अर्थात् आमची मुख्य परीक्षाच तेथे चालत नाही. म्हणून त्या शोभेची वस्तू समजून शोभेच्याच किमतीस घ्याव्यात. परदेशी नामांकित पेढ्यांच्या पर्सांची गोष्ट बोधप्रद आहे. पॅरिसच्या लुई व्हितों या पेढीच्या मालाची नक्कल होऊ लागली, तेव्हा संस्थापकाच्या मुलाने १८९६ साली आद्याक्षरे व फुले यांची एक नक्षी काढली, ती नक्कल थांबावी म्हणून. आज जगात जी नक्षी अतिशय नकलली जाते तीच ही होय! पुढे त्यांनी आतील बाजूस सांकेतिक अंक छापले. नकलकारांनी तेही छापले. शेवटी २०२१ पासून त्या अंकांच्या जागी आत सूक्ष्म चिप बसविण्यास आरंभ झाला. शिवाय ती नक्षीदार पर्स चामड्याची असते ही समजूतही चुकीची आहे. ते लेप दिलेले कापड असते. एर्मेस ही दुसरी पेढी १८३७ साली घोड्यांचा सरंजाम करणारी म्हणून सुरू झाली. तिची कीर्ती हाताच्या शिलाईची आहे. एकच मेणविलेला दोरा, त्याच्या दोन टोकांस दोन सुया, आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोर. असा टाका एके ठिकाणी तुटला तरी शिवण उसवत जात नाही. पैठण असो वा पॅरिस, नावाची नक्कल लवकर होते आणि हाताची उशिरा, हे तत्त्व सारखेच आहे. अशी पर्स कोणी रस्त्यावर वा ओळखीने स्वस्तात देऊ लागला, तर ती त्या पेढीची नाही असे गृहीत धरावे आणि हवी असल्यास साधी, बिननावाची, चांगल्या शिलाईची पर्स घ्यावी.

नावाची चोरी दुसऱ्याही बाजूने होते. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन पेढीने हुबेहूब कोल्हापुरी वहाणांच्या घडणीची पादत्राणे मांडली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या कारागिरांस त्या नावाचा भौगोलिक निर्देशनाचा हक्क २०१९ मध्ये मिळालेला होता. येथे निषेध झाला तेव्हा भारतीय परंपरेपासून प्रेरणा घेतल्याचे त्या पेढीने मान्य केले. एक जण हलक्या कामावर मोठे नाव लावतो, दुसरा मोठे काम घेऊन त्याचे नाव गाळतो. दोहोंत ज्याने हात झिजविले तो कारागीर मागे राहतो.

आता पत्रातील दुसरा प्रश्न. आमचे मत असे की, मुलीस सर्व वृत्तांत जसाच्या तसा सांगावा. किती रक्कम दिली, कोठून साठविली आणि दुकानदार काय म्हणाला, यांतील काहीही लपवू नये. वस्त्र अजात्य निघाले. देणे अजात्य नव्हते, आणि हे मुलीस आईच्या तोंडूनच कळले पाहिजे. मुलीनेही ती पैठणी नेसावी. यंत्रावरचे वस्त्र नेसण्यात कमीपणा मुळीच नाही. ‘सेमी पैठणी’ म्हणून राजरोस विकल्या जाणाऱ्या साड्या हजारो भगिनी आनंदाने नेसतात आणि त्यांत कोणाची फसवणूक नसते. ज्या वडील बाईंस वस्त्राची पारख आहे त्यांस आमची विनंती अशी की, ही विद्या चारचौघींत उच्चारण्याऐवजी सुनेस शेजारी बसवून शिकवावी. आज ती फार थोड्यांजवळ उरली आहे.

मात्र मौन बाळगून दुकानदारास सोडून द्यावे असे आम्हांस वाटत नाही. पावती असल्यास प्रथम त्याच्याकडेच जावे. तो न ऐकेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस तेथे फी पडत नाही. नोंदलेल्या नावाचा खोटा उपयोग करणाऱ्यास भौगोलिक निर्देशनाच्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. एका घराची पाच वर्षांची शिल्लक गेली एवढाच हा प्रश्न नाही. त्याच रकमेत कोण्या विणकराच्या घरी काही महिने चूल पेटली असती. ती न पेटल्याने त्याचा मुलगा माग सोडून दुसऱ्या कामास जातो, आणि पुढे खरी पैठणी ओळखणारे असले तरी विणणारे राहत नाहीत.

आमचा जालना जिल्हा बियाण्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे आणि बोगस बियाण्याने काय होते हे येथील शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून तो पिशवीवरची चिठ्ठी वाचतो, लॉट क्रमांक पावतीवर लिहून घेतो आणि पीक हाती येईपर्यंत पावती व रिकामी पिशवी दोन्ही जपून ठेवतो. पैठणी घेणाऱ्या गृहस्थाने हाच पाठ गिरवावा. पदर उलटून पाहण्यास संकोच करू नये. पावतीवर केवळ ‘साडी, नग १’ एवढे न घेता हातमाग की यंत्रमाग, पदर हाताने भरलेला की जॅकार्डचा, रेशीम दोन्ही दिशांनी शुद्ध की नाही आणि जर कोणती, ही चार उत्तरे दुकानदाराच्या अक्षरात लिहून घ्यावीत. जो लिहून देईल त्याला योग्य किंमत घासाघीस न करता द्यावी. जो तोंडाने शपथा घेतो आणि लेखणी उचलत नाही, त्याला नमस्कार करून उठावे.